बांधलेलं पेन आणि सुटी पेन्सिल

बँकेतलं पेन दोरीला का बांधलेलं असतं, हा प्रश्न नोकरीच्या बावीस वर्षांत मला इतक्या खातेदारांनी विचारला आहे की प्रत्येकाकडून एकेक रुपया घेतला असता तर एव्हाना कर्ज फिटलं असतं. "आम्ही आमची जन्माची पुंजी तुमच्या हवाली करतो, आणि तुम्हाला आमच्यावर पाच रुपयांचं पेन सोडवत नाही?" असं म्हणून खातेदार विजयी मुद्रेनं रांगेतल्या इतरांकडे पाहतो. रांग हसते. मीही हसतो. काउंटरच्या आत बसणाऱ्याला पगार हसण्याचाही मिळतो.

पण खरं उत्तर मी कधी दिलेलं नाही. ते असं की, साहेब, तुमचं नुसतं पेन बांधलंय. आम्ही सगळेच्या सगळे बांधलेले आहोत. स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या असतात. एक हेडकॅशियरकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. एकट्या किल्लीनं तिजोरी उघडत नाही, कारण एकट्या माणसावर विश्वास ठेवायचा नाही हा बँकिंगचा पहिला धडा आहे. एकानं नोंद करायची, दुसऱ्यानं तपासायची. तपासणाऱ्याला तपासायला इन्स्पेक्टर येतो, इन्स्पेक्टरला तपासायला ऑडिटर येतो, आणि या सगळ्यांवर भिंतीवरचा कॅमेरा असतो. रजेचंसुद्धा तसंच. नाजूक जागेवर बसलेल्या माणसाला वर्षातून एकदा, आधी न सांगता, सक्तीच्या रजेवर धाडतात. बाहेरच्यांना वाटतं, काय लाड आहेत! लाड कसले? तुम्ही घरी बसलात की तुमच्या टेबलाखाली काही दडलेलं असलं तर ते आपोआप बाहेर येतं, म्हणून ती रजा.

अशा व्यवस्थेत बावीस वर्षांत माझ्या कॅशमध्ये एका पैशाची अफरातफर झालेली नाही. नातेवाइकांत माझी ओळख 'अगदी सरळ माणूस' अशी करून देतात. मी मान खाली घालून ती स्वीकारतो. पण रात्री कधी झोप आली नाही की एक विचार येतो: हा सरळपणा माझा, की त्या दोन किल्ल्यांचा? पिंजऱ्यातल्या पोपटाला 'किती घरकोंबडा आहे हो' म्हणण्यात काय अर्थ आहे? मी प्रामाणिक आहे की मला आजवर संधीच मिळालेली नाही?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला मी अमेरिकेला गेलो असं मात्र कोणी समजू नये. मी गेलो होतो साडूकडे. माझा साडू मिनेसोटा राज्यात, मिनियापोलिसला असतो. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा होता, आणि त्या दिवसांत तिकडच्या लोकांना झाडांची पानं पाहण्याचं वेड लागतं. आपल्याकडे पानं गळायला लागली की माणूस झाडू शोधतो. तिकडे गाडी काढतो. राज्याचं वनखातं पानांच्या रंगांचा नकाशाच प्रसिद्ध करतं. अमुक उद्यानात पंचवीस ते पन्नास टक्के, तमुक ठिकाणी पंचाहत्तर ते शंभर, आणि एखाद्या जागी 'भर ओसरला'. व्याजदराच्या तक्त्याकडे आमचे पेन्शनर ज्या नजरेनं बघतात, त्याच नजरेनं साडू रोज हा नकाशा बघत होता. एके दिवशी इटास्का स्टेट पार्कचा आकडा त्याच्या मनासारखा झाला आणि त्यानं दोन रात्रींसाठी आरव्ही भाड्यानं घेतली.

आरव्ही म्हणजे घराला चाकं लावलेली गाडी. लांबी पंचवीस फूट. आत दोन पलंग, शेगडी, फ्रीज, नाणीघर, जेवायचं टेबल आणि ज्याची जागा नीट सांगता येत नाही असं एक कपाट. आमच्या शास्त्रात वानप्रस्थाश्रमात माणूस घर सोडून वनात जातो. अमेरिकन माणूस घर घेऊनच वनात जातो, म्हणजे दोन्ही पक्ष राजी. एवढा अवजड प्रकार चालवायला साडूचा साधा गाडीचा परवाना चालला, हे ऐकून आमच्या सौ.नी मागच्या सीटवर बसल्या बसल्या रामरक्षा सुरू केली ती साडेतीनशे किलोमीटरवर थांबवली.

या घरगाडीच्या संसारातला एकच प्रकार सांगतो. तिच्या पोटात सांडपाण्याच्या दोन टाक्या असतात. आंघोळीचं आणि भांड्यांचं ते करडं पाणी, आणि संडासाचं ते काळं पाणी. मुक्काम हलवताना ती ठरावीक जागी जाऊन, जाड नळी लावून स्वहस्ते रिकामी करायची. काळ्या पाण्याची शिक्षा म्हणतात ती इंग्रज सरकार द्यायचं एवढंच मला इतिहासात शिकवलं होतं. अमेरिकन माणूस ती भाडं भरून घेतो.

तर आम्ही इटास्काला पोचलो तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. मुक्कामाची जागा साडूनं आधीच राखून ठेवली होती, पण गाडी आत न्यायचा दिवसाचा परवाना काढायचा राहिला होता. कचेरी बंद. खिडकीत दिवा नाही. फाटक उघडं. मला वाटलं, झालं, आता उद्या सकाळी. पण साडू खाली उतरला आणि एका फलकापाशी जाऊन मला म्हणाला, "दादा, या. तुमच्या धंद्यातलं काहीतरी दाखवतो."

फलकाखाली एका खोक्यात कोरी पाकिटं होती. पाकिटावर गाडीचा नंबर, तारीख आणि रक्कम लिहायची, आत सात डॉलर घालायचे, पाकीट चिकटवायचं. पाकिटाचा एक तुकडा फाडून गाडीच्या काचेमागे ठेवायचा आणि पाकीट शेजारच्या लोखंडी पाइपात टाकायचं. म्हणजे आमची पे-इन-स्लिपच! फक्त काउंटरफॉइलवर शिक्का नाही. "यावर शिक्का कोण मारणार?" मी विचारलं. साडू म्हणाला, "कोणी नाही." "सही?" "कोणाची नाही." मी अंधारात इकडेतिकडे पाहिलं. कॅमेरा दिसला नाही. आणि मग माझं लक्ष खोक्याच्या कडेला गेलं. तिथे बोटभर लांबीची एक पेन्सिल ठेवली होती. सुटी. दोरी नाही, साखळी नाही.

खरं सांगतो, मला त्या पेन्सिलीकडे बघवेना.

बावीस वर्षांच्या सवयीनं पहिल्या मिनिटात मला यातली पळवाट दिसली. कोरं पाकीट टाकायचं, तुकडा काचेमागे लावायचा. सकाळी रेंजर येईल, काचेमागचा तुकडा बघेल, समाधानानं जाईल. पाकीट उघडेपर्यंत आपण तीन गावं ओलांडलेली असू. हे मी साडूला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "दादा, इथे राहून मला अकरा वर्षं झाली, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं." मी यावर अभिमान बाळगावा की काय करावं ते अजून ठरलेलं नाही.

मग एक व्यावहारिक अडचण निघाली. आमच्याकडे सातची मोड नव्हती, दहाची नोट होती. पाइप पैसे घेतो, परत देत नाही. "तीन डॉलर म्हणजे अडीचशे रुपये हो!" सौ. गाडीतून म्हणाल्या. "ताई, पार्काला देणगी समजा," साडू म्हणाला. "देणगी द्यायची तर पावती घेऊन द्यावी," सौ. म्हणाल्या, आणि त्यात त्यांचं चुकत नव्हतं. शेवटी मी पाकिटावर स्वच्छ अक्षरांत लिहिलं की आत दहा आहेत, देय सात, जादा तीन. ते तीन डॉलर मिनेसोटा राज्याच्या सस्पेन्स खात्यात आजही पडलेले असावेत. पाकीट आत पडल्याचा आवाज आला. आत आधीची पाकिटं होती, म्हणून तो आवाज मऊ होता. आमच्या आधी येऊन गेलेल्यांनी, आम्ही येणार हे माहीत नसताना, पैसे टाकलेले होते.

रात्री पलंगावर पडल्या पडल्या मी हिशेब मांडायला लागलो. मी पैसे भरले, हे झालं. पण शेजारी साडू होता, गाडीत सौ. होती, तिची बहीण होती. बहिणीसमोर नवऱ्याची सात डॉलरची लांडीलबाडी कोणती बायको चालवून घेईल? म्हणजे इथेही दोन किल्ल्या होत्याच. एकटा असतो तर?

मी कॉमर्सचा पदवीधर. प्लेटो आणि माझा संबंध वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीपलीकडे नाही. पण त्याच्या 'रिपब्लिक' या ग्रंथात एका मेंढपाळाची गोष्ट आहे, ती मला पुरवणीनंच पुरवली. गायजीस नावाच्या त्या मेंढपाळाला एक अंगठी सापडते. तिचं खोंड तळहाताकडे वळवलं की तो अदृश्य होतो. मग काय, राजवाड्यात शिरून राणीला फितवतो, राजाला मारतो आणि गादीवर बसतो. गोष्ट सांगणारा ग्लॉकॉन विचारतो, अशी अंगठी मिळाल्यावर कोण माणूस सरळ वागेल? अडीच हजार वर्षं होत आली, लोक या प्रश्नावर लिहितायत. मला त्यात एक गोष्ट नेहमी खटकते. मेंढपाळानं थेट राज्यच का घेतलं? अदृश्य झालेला सामान्य माणूस असा झेपावत नाही. तो पहिल्यांदा बसचं तिकीट चुकवतो. मग ऑफिसातला कागद घरी नेतो. तत्त्वज्ञांनी खुनापासून सुरुवात केली म्हणून आपण सगळे सुटलो. राजाला मारण्याचा आपला विचारच नसतो, त्यामुळे आपण आपल्याला चांगले समजतो. खरी परीक्षा सात डॉलरची.

आणि त्या पाइपाची रचना मी दुसऱ्या दिवशी उजेडात जाऊन नीट पाहिली. जाड पोलाद. जमिनीत पुरलेला. वरची फट पाकिटापुरती, बोटं जाणार नाहीत एवढीच. खाली दणकट कुलूप. तिकडे या पाइपाला गमतीनं 'आयर्न रेंजर', म्हणजे लोखंडी वनरक्षक, म्हणतात. मला तो पाहून फार बरं वाटलं. म्हणजे ही माणसंही काही भोळी नाहीत. टाकणाऱ्यावर विश्वास, काढणाऱ्यावर नाही. जो सात बुडवेल त्याला बुडवू द्या, त्याला पकडायला रात्रभर माणूस बसवला तर त्याचा पगार त्याहून जास्त होतो. पण जो सगळ्यांचे नेईल त्याच्यासाठी पोलाद. मला हा ढोंगीपणा वाटला नाही. विश्वास ठेवायचा म्हणजे डोळे मिटायचे असं थोडंच आहे? कर्ज देताना आम्हीही माणूस बघून रक्कम ठरवतो. आमचं चुकतं ते इतकंच, की आमच्याकडे पेन्सिलीलासुद्धा तिजोरीचाच नियम.

दुसऱ्या दिवशी आम्ही चालायला निघालो. पायवाटेवर पानांचा खच, आणि तो तुडवताना भेळेच्या कागदासारखा आवाज येत होता. मेपल लाल, अ‍ॅस्पेन पिवळे, बर्चचे बुंधे चुना लावल्यासारखे पांढरे. मधूनच दोनशेहून जास्त वर्षांचे उंचच उंच रेड पाइन, ज्यांना या रंगीबेरंगी भानगडीशी काही देणंघेणं नाही. सौ. म्हणाल्या, "आपला पळस फुलतो तेव्हा काय कमी दिसतो?" कमी दिसत नाही. फक्त त्याचे टक्के कोणी छापत नाही.

इटास्का प्रसिद्ध आहे ते मिसिसिपी नदीच्या उगमासाठी. सरोवरातून नदी बाहेर पडते तिथे पात्र जेमतेम अठरा फूट आणि पाणी गुडघ्याच्या आत. दगडांवर पाय ठेवत लहान मुलंसुद्धा ओलांडतात. शेजारी एका खांबावर कोरलंय की इथून मेक्सिकोच्या आखातापर्यंत 2552 मैल. 1832 साली हेन्री स्कूलक्राफ्ट नावाच्या गृहस्थानं हा उगम 'शोधला'. त्याला तिथे घेऊन गेला ओझाविंडिब नावाचा ओजिब्वे वाटाड्या, ज्याच्या लोकांना ते सरोवर आधीपासून ठाऊक होतं आणि त्यांनी त्याला एल्क हरणावरून नावही दिलेलं होतं. वाटाड्याला वाट सापडली, साहेबाला नदी सापडली. स्कूलक्राफ्टनं नवं नाव बनवलं ते तर ऐकण्यासारखं आहे. सोबतच्या मिशनऱ्याकडून त्यानं 'सत्य' आणि 'मस्तक' यांचे लॅटिन शब्द घेतले: व्हेरितास, कापुत. खरा उगम, या अर्थानं. ते जोडले, मग पहिल्या शब्दाचं डोकं उडवलं आणि दुसऱ्याचं शेपूट, आणि मधलं उरलं ते इटास्का. सत्याची दोन्ही टोकं कापून जे उरतं त्यावर माणसं खुशाल वस्ती करतात हे आम्ही बँकेत रोजच पाहतो. आम्ही त्याला उत्पन्नाचा दाखला म्हणतो.

बरं, तो उगम तरी जसाच्या तसा आहे म्हणता? तोही नाही. मुळात तिथे दलदल होती. 1930 च्या दशकात सरकारी कामगारांनी ती हटवली, प्रवाहाला नवं पात्र खणून दिलं आणि लोक ज्यावर उभे राहून फोटो काढतात ती दगडांची रांगही रचून दिली. तीर्थाला घाट बांधावा तसं. त्यामुळे तिथली नदी खोटी ठरत नाही, पण खांबाशेजारी उभं राहून 'निसर्ग किती प्रामाणिक!' असं म्हणणाऱ्या माणसाकडे मी थोडं जपूनच पाहिलं.

या जागेत मला सगळ्यात आवडली ती एक चोवीस वर्षांची मुलगी, आणि ती मला तिथे भेटण्याची शक्यता नव्हती, कारण साल 1903 चं होतं. हे उद्यान 1891 साली कायद्यानं झालं, तेही विधिमंडळात एका मताच्या फरकानं. पण झाडं कापणाऱ्या कंपन्यांचा धंदा तिथे चालूच होता. ओंडके वाहून न्यायला त्यांनी धरण घालून पाणी तुंबवलं की काठची झाडं बुडून मरायची. उद्यानाचा कारभारी होता तो वारला आणि त्याच्या जागी हंगामी म्हणून त्याची मुलगी, मेरी गिब्स, आली. ती धरणावर गेली. समोर बंदुकवाली माणसं. तिनं दरवाजे उघडा म्हणून सांगितलं आणि बंदुकीला भिऊन मागे फिरली नाही. त्या पदावर ती फार दिवस टिकली नाही. हंगामी नेमणूक, समोर मोठी कंपनी, पुढे काय झालं असेल ते नोकरदार वाचकाला सांगायला नको. पण आज उगमाजवळच्या माहिती केंद्राला नाव तिचं आहे.

मी तिथे उभा राहून विचार करत होतो, की तिला तरी कोण बघत होतं? होतं की. बंदुकवाले बघत होते! आम्हाला वाटतं कोणी बघत नसताना सरळ वागणं अवघड. हिला सगळे बघत असताना सरळ वागणं अवघड होतं. वाकडं वागली असती, म्हणजे नुसती घरी बसली असती, तर कोणाच्याच लक्षात आलं नसतं, आणि कुठल्याही ऑडिटात ते निघालं नसतं. न केलेल्या गोष्टीचं व्हाउचर नसतं. हा विचार मला आवडला नाही, कारण माझ्या बावीस वर्षांच्या स्वच्छ हिशेबात न केलेल्या गोष्टींचा रकाना तपासायला कोणी इन्स्पेक्टर कधी आलेला नाही.

आता दगडाचं सांगतो. तिसऱ्या दिवशी निघण्यापूर्वी, पहाटे सगळे झोपेत असताना, मी एकटाच उगमावर गेलो. पाण्यावर धुकं होतं, पाणी बर्फासारखं. आईनं येताना सांगितलं होतं, "तिकडच्या मोठ्या नदीवर जाणार आहात म्हणे, देवघरात ठेवायला एखादा गोटा आण." आईच्या देवघरात नर्मदेचा गोटा आहे, गंडकीचा शाळिग्राम आहे, मिसिसिपीचा अतिथी तिला चालणार होता. उथळ पाण्यात एक गुळगुळीत, अंड्याएवढा, तांबूस दगड होता. तो मी उचलला. उद्यानातल्या रानफळांना आणि खायच्या अळंब्यांना आपल्यापुरता हात लावायला परवानगी आहे, दगडाला नाही, हे मी आदल्या दिवशी वाचलेलं होतं.

आणि खरोखर कोणीही नव्हतं. साडू नाही, सौ. नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा दुसरी किल्ली गैरहजर होती.

मी तो दगड हातात घेऊन बराच वेळ उभा राहिलो. इथे वर्षाला लाखोंनी माणसं येतात, प्रत्येकानं एकेक नेला तर वगैरे हिशेब मी केला, नाही असं नाही. पण हिशेब दोन्ही बाजूंनी करता येतो, एका दगडानं नदीचं काय अडतं हाही हिशेबच. शेवटी मी तो परत पाण्यात ठेवला. का, ते मला नीट सांगता येत नाही. भीती नव्हती. मोठं काही तत्त्वही मनात नव्हतं. त्या मऊ आवाजाची आठवण झाली, पाकिटावर पाकीट पडल्याची, एवढंच. पंचाईत एकच झाली, की तो नेमका कुठून उचलला होता ते आठवेना, त्यामुळे मिसिसिपीचा एक दगड आता साधारण हातभर खाली आहे.

ही गोष्ट मी न्याहरीच्या वेळी सौ.ला सांगितली, आणि सांगता सांगताच माझ्या लक्षात आलं की आता तिचा उपयोग गेला. कोणी पाहिलं नाही म्हणून जिची किंमत, ती मी स्वतःच साक्षीदार करून सांगत होतो. सौ. म्हणाल्या, "बरं केलंत," आणि पुढे म्हणाल्या, "पण आईंना काय सांगणार?" आईंना खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "पाणी तरी आणायचंस बाटलीभर." पाण्याबद्दल नियम काय आहे ते मी वाचलेलं नव्हतं.

परत आल्यावर बँकेत जेवणाच्या सुटीत ही सगळी हकीकत मी सांगितली. पाइप, पाकीट, अंधार, सुटी पेन्सिल. तरुण मंडळी प्रभावित झाली. एकानं तर उद्यापासून काउंटरवरच्या पेनाची दोरी कापून टाकायचा प्रस्ताव मांडला. कापलीही. ते पेन सोमवारी सकाळी लावलं आणि सोमवारी दुपारी गेलं. मंगळवारी दुसरं लावलं, ते गुरुवारपर्यंत टिकलं. प्रगती आहे असं माझं म्हणणं पडलं. नव्या पेनाचं बिल कोणत्या खर्ची टाकायचं यावर अकाउंटंटचं म्हणणं वेगळं पडलं.

आमचे हेडकॅशियर मात्र सगळं ऐकून गप्प होते. पुढच्या वर्षी निवृत्त होणारा माणूस, सबंध नोकरी एका किल्लीसह काढलेला. त्यांनी डबा बंद केला, हात पुसले आणि विचारलं, "ते सगळं ठीक आहे हो. पण त्या पाइपाच्या कुलपाच्या किल्ल्या किती? एक की दोन?"